मोहाचं झाड वगळून

आमचे मुन्शीचाचा दस्त लिहायला घेण्याआधी माणसाचं तोंड हुंगत. जमीन विकणारा समोरच्या बाकड्यावर बसला की चाचा चष्मा कपाळावर चढवत, पुढे झुकत आणि म्हणत, "हं, बोल." काय बोलायचं हे त्या बिचाऱ्याला कळत नसे. तो "काय बोलू, चाचा?" म्हणे, आणि तेवढ्यात चाचांचं काम झालेलं असे. दारूचा वास आला की पेनाचं टोपण बंद. "उद्या ये. आंघोळ करून ये, जेवून ये. नशापाणी न करता लिहून दिलं, असं मले लिहाचं हाय. खोटं काऊन लिहू?" विकत घेणारा गयावया करी, गाडी भाड्याने आणल्याचं सांगे, साक्षीदार पुन्हा मिळायचे नाहीत म्हणे. चाचा तोवर दुसऱ्या माणसाचं काम हाती घेऊन मोकळे झालेले असत.

गोंडपिपरीच्या रजिस्ट्री कचेरीच्या आवारात, टिनाच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. चाचा अर्जनवीस. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा, वाटणीपत्र, जमिनीचं जे काही कागदावर उतरवायचं ते लोक त्यांच्याकडे आणत. त्यांचे आजोबा मालगुजाराच्या कचेरीत लिहायला होते, वडील याच आवारात बसत, आणि वडिलांच्या जागेवर चाचा. मी बल्लारपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली होती, आणि हाताने लिहिलेले दस्त कचेरीला नकोसे होऊ लागले होते. चाचांचं अक्षर बघत राहावं असं. त्यांना टायपिस्ट ठेवावी लागली, याबद्दल त्यांनी मला कधी पुरतं माफ केलं असं वाटत नाही. खूश असले की मी ‘बेटा’, रागावले की ‘टायपिस्टबाई’. सुरुवातीची काही वर्षं मी बहुतेक टायपिस्टबाईच होते.

दस्ताच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: हे खत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून दिले असे. बाकीचे अर्जनवीस ते डोळे मिटून लिहीत. चाचा तिथे थांबत. "राजी हायस?" असं विचारत, आणि उत्तर तोंडाने यावं लागे. नुसती मान हलवलेली चालत नसे. लिहून देणारी बाई असली तर सोबतच्या पुरुषांना चहाच्या टपरीकडे पिटाळत आणि मग विचारत. एकदा अशीच एक बाई भावांच्या नावे हक्कसोड लिहून द्यायला आली होती. भाऊ टपरीकडे गेले, चाचांनी विचारलं, आणि ती खाली बघत "नाई" म्हणाली. झालं. चाचांनी टाइप झालेले कागद माझ्या हातातून घेतले आणि फाडून टाकले. भाऊ परत आल्यावर जी बोलाचाली झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. चाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत शांत बसून होते. "एक दस्त नाई लिहिला तर मी मरत नाई," एवढंच म्हणाले. माझी मात्र सगळी सकाळ त्या कागदांत गेली होती आणि मी दिवसभर धुमसत होते.

जुन्या शब्दांवर त्यांचा भारी जीव. कोणी ‘लीज’ म्हटलं की त्यांना ऐकूच येत नसे. ठोका वेगळा, बटई वेगळी, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत बसत. ठोक्यात ठरलं तेवढं द्यायचं, मग पीक येवो न येवो. बटईत पिकेल त्यातलं अर्धं. मालक लिहून देतो तो पट्टा, आणि कसणारा ‘मला कबूल आहे’ असं उलट लिहून देतो ती कबुलायत. "आता पट्टा सगळे लिहितेत, कबुलायत कोणी मांगत नाई," ही त्यांची नेहमीची तक्रार. "एक जण बोलून राह्यला अन् दुसरा नुसता ऐकून राह्यला. असा कागद काय कामाचा?" सरकारात शेत सोडून देण्याच्या कागदाला पूर्वी राजीनामा म्हणत. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी राजीनामा दिल्याचं मी सांगितलं तेव्हा चाचांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती एकराचा?" ते थट्टा करत होते की काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य खरेदीखताच्या मधोमध येई. ‘सदर जमीन त्यातील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह तुम्हास कायम खरेदी दिली असे.’ पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळं एका दमात. हे वाक्य वाचण्याआधी ते उठून जात, खर्रा थुंकत, चूळ भरत आणि मगच परत येऊन कागद हातात घेत. आवाज जरा खाली आणत. ‘पाषाण’ म्हटल्यावर किंचित थांबत. शेडखालची माणसं आपापलं बोलणं थांबवून ऐकत. मीही ऐकत असे. मला ते आवडायचं, हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी ते दिवसातून आणखी चारदा वाचलं असतं.

या वाक्यानेच चाचांचा घात केला.

जंगलाकाठच्या एका गावी बापूराव नावाच्या शेतकऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, होती. ती मूल गावाकडच्या एका निवृत्त मास्तरांनी विकत घेतली. मास्तर सरळ आणि टापटिपीचे, शेतीची हौस असलेले. दस्त आमच्याच टेबलावर झाला. बापूरावच्या तोंडाला वास नव्हता, तो राजी होता, चाचांनी सगळं वाचून दाखवलं. त्यानंतरच्या चैतात एका दुपारी त्याच गावची मैनाबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. गोंड बाई, साठीच्या पुढची, काखेत रिकामं टोपलं. मैनाबाई लहानथोर सगळ्यांनाच अरेतुरे करी.

"चाचा, मास्तर मले झाडाखाली जाऊ देऊन नाई राह्यला. म्हणते, कागदात हाय."

"कोणतं झाड, बाई?"

"बापूच्या बांधीतलं. मोहाचं. माह्या सासूचं होतं ते, आता माहं."

आमच्या भागातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. वावर एकाचं आणि त्यातला मोह दुसऱ्याचा, हे जंगलाकडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कोणतं झाड कोणत्या घरचं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कोणी उचलत नाही. चैतात पहाटेपासून बाया आपापल्या झाडाखाली फुलं वेचतात, वाळवून ठेवतात. पुढे टोऱ्या, म्हणजे मोहाची फळं, येतात, त्यांच्या बियांचं तेल निघतं. मैनाबाईच्या घरात कर्ता पुरुष उरला नव्हता. ती, सून आणि एक नात. जमिनीचा तुकडा नावावर नाही. जे काही होतं ते हे झाड होतं.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दस्तात हाय ते हाय, बाई. मी काय करू?" आवाज जरा चढलेलाच होता. मैनाबाई गेली नाही. शेडच्या खांबाला टेकून खाली बसली. ती भांडत नव्हती, रडत नव्हती. तिला गोष्ट खरोखरच समजत नव्हती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "बापूनं बांधी विकली, बराबर. पण झाड त्याचं होतं कुठी, विकाले?" त्या दिवशी चाचांनी पुढचं एकही काम घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बापूरावला बोलावून घेतलं. झाड तुझं नव्हतं तर मी वाचत होतो तेव्हा बोललास का नाही, म्हणून त्याच्यावर उखडले. बापूराव गोंधळून गेला. "चाचा, ते तर तुम्ही नेहमीच वाचता ना. मले वाटलं, देवाचं नाव घेतल्यावानी हाय."

मला हसू फुटलं, आणि चाचांच्या चेहऱ्याकडे बघून ते तसंच विरलं. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. बापूराव गेल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "बेटा, जन्मभर वाचून राह्यलो मी हे. तोंड हुंगलं, राजीखुशी इचारली. झाड कोणाचं, हे एकाले बी नाई इचारलं."

चूकदुरुस्तीचा लेख करता आला असता, पण त्याला मास्तरांची सही हवी. म्हणून मी माझ्या स्कूटीवर चाचांना मागे बसवून मास्तरांच्या बांधीवर नेलं. एका हाताने त्यांनी छत्री धरलेली आणि दुसऱ्या हाताने बुडाखाली घेतलेली माझ्या खुर्चीवरची उशी, कारण स्कूटीच्या सीटवर त्यांचा भरवसा नव्हता. रस्ताभर ते मला हळू चालवायला सांगत होते आणि मी हळूच चालवत होते. मास्तरांनी पाणी दिलं, खाटेवर बसवलं आणि मोहाखाली नेऊन पाण्याचा जळलेला पाइप दाखवला. फुलं नीट दिसावीत म्हणून बाया झाडाखालचा पालापाचोळा जाळतात; त्या आगीत मास्तरांचा नवा कोरा पाइप गेला होता, भाताच्या तणसाचा ढीग थोडक्यात वाचला होता. "मुन्शीजी, मी कोणाचं काही हिसकावलेलं नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हीच वाचून दाखवलंत. तरु म्हणजे झाड, हे मी पोरांना जन्मभर शिकवलं आहे. आता परवानगी मिळाली की झाडच काढतो. तंटा नको." ते चुकीचं बोलत होते असंही म्हणता येत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

चूकदुरुस्तीला मास्तर तयार झाले नाहीत. मग चाचांनी तोड काढली, हयातीच्या पट्ट्याची. झाड कागदोपत्री मास्तरांचं राहील, पण मैनाबाई जिवंत असेतो फुलंफळं तिची. मास्तरांना हे पटलं. कायद्यात बसणारी गोष्ट त्यांना पटत असे. चाचा खूश झाले. दोन दिवस बसून त्यांनी तो पट्टा हाताने लिहिला, मला टाइप करू दिला नाही. जोडीला मैनाबाईची कबुलायतही लिहिली. मी वाचली. त्यांनी आयुष्यात याहून सुंदर काही लिहिलं नसेल.

मैनाबाई आली. चाचांनी चूळ भरली, दोन्ही कागद सावकाश वाचून दाखवले. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे झाड मास्तरचं?"

"कागदावर. मोहाची फुलं तुमचीच."

"मी मेल्यावर?"

चाचांनी हातातला कागद खाली ठेवला.

"माह्या सासूनं मले देलं ते झाड. मी सुनेले देईन. मंधात मास्तर कुठून आला, माह्याच झाडाचा पट्टा मले देवाले?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ते समजूत घालतील, एवढं तरी पदरात पाडून घ्या म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण त्यांनी सगळ्यांना विचारत तेच विचारलं. "राजी हायस, मैनाबाई?"

"नाई."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून फाडले. माझा जीव हळहळला. मैनाबाई उठली, टोपलं उचललं आणि जाता जाता म्हणाली, "लिवलं म्हणून गेलं ना ते? आता लिवू नको. मास्तरले झाडाखाली घेऊन ये."

मास्तर यायला तयार होतील असं मला वाटत नव्हतं. ते आले, बहुधा चाचांच्या वयाकडे बघून. सकाळची वेळ, झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, तो गोडसर उग्र वास. गावातली चारदोन जाणती माणसं, बापूराव, मैनाबाईची सून. मैनाबाईने पहिली ओंजळ वेचून झाडाच्या बुंध्याशी ठेवली, आपल्या देवाचं नाव घेतलं, आणि मग दुसरी ओंजळ मास्तरांच्या हातात दिली. "आतापासून जाळणार नाई," ती म्हणाली. "झाडून घेईन. माही सून बी झाडून घेईन. तुह्या पायपाले आच लागली तर मले सांग. तू झाड तोडू नको. वावर तुहं, झाड आमचं." मास्तर ती फुलं हातात घेऊन उभे होते. कुठे ठेवावीत ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी रुमाल काढला, त्यात फुलं बांधली आणि म्हणाले, "ठीक आहे."

चाचांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. मैनाबाईने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पेन परत ठेवलं.

परतताना चाचा हळू चालव म्हणाले नाहीत. गावाजवळ आल्यावर मागून आवाज आला, "बेटा, सही नाई, साक्षीदार नाई, तारीख नाई. हे काय झालं मंग?" मी म्हटलं, "बोलणं झालं ना चाचा." त्यांना ते पटलेलं नव्हतं.

नंतरची वर्षं ते या एका न लिहिलेल्या गोष्टीच्या काळजीत राहिले. चैत लागला की त्या गावचं कोणीही आवारात दिसलं तरी हाक मारून विचारत, "झाडाखाली कोण हाय?" मैनाबाई आहे, असं कळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटे. पुढे मैनाबाई थकली, मग लोक सून आहे असं सांगत. प्रत्येक खरेदीखताला मात्र आता नवा प्रश्न जोडला गेला: बांधीत झाडं किती, आणि कोणाकोणाची? तो विचारून झाल्याशिवाय ते आपलं लाडकं वाक्य लिहीत नसत. विकत घेणारे वैतागत. अर्ध्या तासात काम करून देणारी दोन नवी टेबलं शेजारी लागली होती, लोक तिकडे वळले. मी सुद्धा एकदा म्हटलं, चाचा, एवढं कोण विचारतं? "कोणी नाई इचारत, म्हणून तर," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मी पुन्हा टायपिस्टबाई झाले.

मग एका हिवाळ्यात ते आजारी पडले ते उठलेच नाहीत. भेटायला गेले तेव्हा चाचीने चहा दिला. चाचा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. बोलायला त्रास होत होता. म्हणाले, "लिहून ठेवाले पायजे होतं, बेटा. मी गेलो, ती गेली, का कोणाले काय माहीत राह्यते?" मी म्हटलं, मला माहीत आहे ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. एक टायपिस्ट काय करणार, असं त्या हसण्यात होतं, आणि माया होती. मला त्या दोन्हीचं वाईट वाटलं. त्यांच्यामागून वर्षभरात मैनाबाईही गेली.

आता टेबल माझं आहे. यंदा चैतात मास्तर आले. हातात काठी, सोबत एक तरुण शेतकरी. मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं होतं, बांधी विकायची होती. मी त्यांना बसवलं, नावं लिहून घेतली, गट नंबर लिहिला, चतुःसीमा लिहिल्या. मास्तरांच्या कपाटात रजिस्टर झालेला दस्त होता आणि त्यात तरु होता. मैनाबाईच्या सुनेकडे काहीच नव्हतं.

"मास्तर," मी म्हटलं, "बांधीत झाडं किती, आणि कोणाकोणाची?"

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चार. तीन माझी. मोहाचं माझं नाही."

"मग ते कोणाचं लिहू?"

"कोणाचं लिहू नका. मोहाचं झाड वगळून, एवढंच लिहा. बाकी यांना मी काल झाडाखाली नेऊन आणलं आहे."

तो तरुण मान डोलावत म्हणाला, "हो ताई. मैनाबाईची सून होती तिथी. वावर तुहं, झाड आमचं म्हणे. मले बी ओंजळभर मोहा देला."

मी ‘वगळून’ टाइप केलं आणि अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून थांबले. मास्तरांना वाटलं लाइट गेली की काय. चाचा तीन-चार वर्षं त्या झाडासाठी तळमळले, शेवटच्या दुखण्यातही त्याच काळजीत गेले. आणि ज्याची काळजी होती तो माणूस कधीचा शब्दाला जागून बसला होता. एवढं एक त्यांना जिवंतपणी कळायला हवं होतं. मी डोळे पुसले, मास्तरांना म्हटलं, "राजी आहात?"

"राजी आहे," मास्तर मोठ्याने म्हणाले.